थोरलीची गाणी

कालव्याच्या कडेने आम्ही निम्मं अंतर तोडलं होतं आणि ताईने अजून तोंड उघडलं नव्हतं. जिला अख्खं खातं 'रेडिओ' म्हणतं ती बाई अशी गप्प चालायला लागली, की बरोबरच्या माणसाला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. पुलाचं काम निघाल्यापासून आमची बस लांबचा वळसा घेऊन जायची, म्हणून आम्ही दोघी रोज चालतच घर गाठायचो. कारखान्याच्या फाटकापासून गोदामांच्या लांबलचक भिंती, मग कालवा, शाळेचं मैदान, इस्पितळाची मागची बाजू आणि तिथून आमची वस्ती. पाय भरून यायचे, पण ताईच्या बोलण्यात रस्ता कधी सरला ते कळायचं नाही. त्या दिवशी मात्र नुसता चपलांचा आवाज.

"ताई, मनाला लावून घेऊ नकोस," मी म्हटलं. "भडकाचं काय एवढं? नावच पडलंय तिचं तसं. आत्ता पेटेल, उद्या विझेल."

"या वेळी नाही विझायची," ताई म्हणाली. "आणि विझू पण नये."

झालं होतं ते असं. आमच्या खात्यात सात-आठ वर्षं चाललेलं पाच भागांचं पुस्तक त्या दुपारी संपलं होतं. ताईने शेवटचं पान मोठ्याने वाचलं आणि कौतुकाचा एक शब्द निघेल तर शपथ! भडकाने हातातली कात्री टेबलावर आदळली. "एवढी वर्षं आपण याच्यासाठी जास्तीचे शर्ट केले? उद्यापासून वाचन बंद. मोबाइलवर मालिका लावू, ती तरी धड फसवते." बाकीच्यांनी माना हलवल्या. मोठ्या काकूंनी पण. ते मला जास्त लागलं.

वाचन बंद म्हणजे ताईचं काय बंद, हे कळायला आमची खोली आधी कळायला हवी.

आमचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा. पुढच्या मोठ्या दालनात मशिनी, मागच्या खोलीत आम्ही हातकामवाल्या. काज, बटण, तुरपाई, दोरे कापणं, घडी. मशिनवाल्यांच्या कानात दिवसभर घरघर, त्यांना एकमेकींचं काही ऐकूच जात नाही. आमच्या खोलीत शांतता, त्यामुळे भांडणं जास्त. मोठ्या काकू खात्यात सगळ्यांत जुन्या, काज करतात. भडका दोरे कापते. नाव तिने रागाने कमावलेलं आहे. मी तुरपाईला. टाके घालताना माझे ओठ हलत असतात, देवाचं नाव घ्यायची जुनी सवय, म्हणून मला सगळ्या 'जपमाळ' म्हणतात. आणि माझ्या शेजारी बटणं लावायला ताई.

एकदा डबा खाताना ताईने खाली अंथरलेल्या कागदावरची बातमी मोठ्याने वाचली. कुणाची तरी म्हैस कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात शिरली होती, एवढंच. पण ताईने नवरदेवाचा आवाज वेगळा काढला, म्हशीच्या मालकाचा वेगळा, आणि म्हशीचा तर असा काढला की भडकाला ठसका लागला. कागद फाटलेला होता, पुढचं काही नव्हतं. काकू म्हणाल्या, "आता हिला अख्खं पुस्तक आणून द्या गं कुणीतरी, माझा जीव टांगणीला लागला."

तिथून प्रथा पडली. चहानंतर सुट्टी होईपर्यंत ताईने वाचायचं आणि तिच्या वाटणीचे शर्ट बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. कुणी कुरकुर केली नाही असं नाही. पण एखादी म्हणाली, "माझ्या वाट्याला आज तिचे दोन जास्त आले," की दुसरी म्हणायची, "मग कानात बोळे घाल आणि माझ्याकडे दे." मग ती गप्प बसायची आणि दोन शर्ट ओढून घ्यायची. कटिंगमास्तरांनी पहिले काही दिवस दारात उभं राहून कपाळाला आठ्या घातल्या. मग कॉलर तपासायच्या निमित्ताने ते आत येऊ लागले. पुढे पुढे एका कॉलरवर त्यांचं एक प्रकरण निघायचं.

पुस्तक ताईच्या धाकट्या बहिणीने पाठवलं. ताईचे वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळलेली. ताईने शाळा सोडली, बटणं लावायला आली आणि बहिणीला शिकवलं. बहीण हुशार निघाली, लांबच्या शहरात मोठ्या कामाला लागली, तिथेच संसार मांडला. आई गेल्यावर ताई एकटीच. बहीण बोलावते, पण ताई म्हणायची, "तिथे मला कोण ओळखतं? इथे निदान रेडिओ म्हणून तरी ओळखतात." हसत म्हणायची, पण खरंच म्हणायची. सकाळपासून चहापर्यंत ती बटणं लावणारी एक बाई. चहानंतर मास्तरसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत बसणार.

पुस्तकाचं नाव 'कोरड्या नदीचं राज्य'. एका जादूगाराने राज्याची नदीच पळवलेली असते. मेंढपाळाच्या दोन मुली. धाकटी कंदील घेऊन नदी शोधायला निघते, थोरली मेंढरं राखत घरी राहते. दारात उभी राहून थोरली निरोप देते आणि मग तिचं नावच नाही. पाचही भाग धाकटीचे. तिच्यासोबत सावली नसलेला एक म्हातारा आणि एक दगडाचा पक्षी. वर्षा-दीड वर्षाने एकेक भाग निघायचा, बहीण पाठवायची, आणि मधल्या काळात आम्ही आधीचाच भाग पुन्हा ऐकायचो.

मी देवाधर्माची बाई. जादूटोण्याचं कानावर पडलं तरी आत जायला नको, म्हणून पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात नाव घेत राहिले. तिसऱ्या दिवशी धाकटी त्या दगडी पक्ष्याच्या पंज्यात सापडली आणि माझं नाव घेणं कुठे थांबलं ते मला कळलंच नाही. देवाने समजून घेतलं असणार. तोही ऐकत असेल.

एक नियम मात्र कडक होता. पुस्तक घरी न्यायचं नाही. सुरुवातीला ताईने एकदा नेलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हातारा पक्ष्याच्या पाठीवरून घसरून चिखलात पडतो तो भाग, आम्ही पोट धरून हसतोय आणि ताईचा चेहरा असा, की घरात मयत झालंय. काकूंनी सुई खाली ठेवली. "पक्षी मरणार, हो ना? तू पुढचं वाचून आलीस!" केवढा दंगा झाला. तेव्हापासून पुस्तक कात्र्यांच्या कपाटात, किल्ली मास्तरांकडे. ताईलाही आमच्याबरोबरच कळायचं, आमच्याइतकंच. चोरून वाचणं तिच्या स्वभावात नव्हतं.

या पुस्तकाने मला काय दिलं ते सांगते. तिसऱ्या भागाच्या वेळी हे आजारी पडले. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, इस्पितळातला मुक्काम लांबत गेला. मी कामावर जात नव्हते. तर ताई रोज कामावरून सुटली की इस्पितळात यायची, सोबत मोसंबी नाही की काही नाही, आणि त्या दिवशीचं प्रकरण सांगायची. पहिल्यांदा मला जिन्यावर बसवून सांगायची. मग एके दिवशी आतून हे ओरडले, "अहो, जरा मोठ्याने! मलाही ऐकू येऊ द्या." मग ती कॉटशेजारी स्टूल ओढून बसायला लागली. धाकटी तेव्हा काळोखाच्या गुहेत अडकली होती, सगळ्यांचे दिवे विझले, हिचा एकटीचा कंदील जळत होता. ड्रेसिंग चालू असताना हे दात-ओठ खात विचारायचे, "कंदील विझला नाही ना?" ताई म्हणायची, "नाही हो भाऊजी. उद्यापर्यंत तरी नाही." वॉर्डातली सिस्टर रोज ताईला वेळ संपल्याचं सांगून हाकलायची, आणि एकदा तिनेच दारात गाठून विचारलं, "त्या म्हाताऱ्याला सावली परत मिळते का?"

हे बरे झाले. देवाची कृपा, डॉक्टरांचे हात. आणि थोडं त्या कंदिलाचंही. डॉक्टरांना मी पेढे दिले, देवापुढे हात जोडले, ताईला काय द्यायचं ते मला आजवर सुचलेलं नाही.

त्या कंदिलावरून भडका मात्र कायम वाद घालायची. "या लेखकाला संसार माहीत नाही. कंदिलात तेल कोण घालतंय? तीन भाग झाले, वात तरी बदलली का कुणी?" दुसऱ्या भागात धाकटी बर्फात उघड्यावर झोपते आणि तरी मरत नाही, त्यावरूनही तेच. "आपण नुसतं ओल्या फरशीवर झोपलो तर अंग धरतं!" ताई म्हणायची, "अगं, गोष्ट आहे ती." भडका म्हणायची, "म्हणून काय वाटेल ते?" आम्ही हसायचो आणि बटणं लावायचो.

आता शेवट. पाचव्या भागात धाकटीला नदी सापडते. एका विहिरीच्या तळाशी जादूगाराने ती गुंडाळून ठेवलेली असते. ती सोडवायला कुणीतरी खाली उतरायला हवं आणि उतरलेलं माणूस वर यायचं नाही. धाकटी उतरते. नदी येते, राज्यभर पाणी होतं, लोक नाचतात. धाकटी येत नाही. आणि मग लोक सिंहासनावर कुणाला बसवतात? थोरलीला! पहिल्या प्रकरणात दारात उभी राहिली ती, तिला. सिंहासनावर बसताना थोरली एकच वाक्य बोलते: "ज्यांनी माझी गाणी ऐकली, त्यांना मी कोण ते सांगायला नको."

"कुठली गाणी?" काकू म्हणाल्या.

"हेच ते!" भडका उठून उभी राहिली. "काटे हिच्या पायात, जखमा हिला, आणि खुर्चीवर ती! घरात बसून काय केलं तिने? आणि आता म्हणे गाणी! आधी कधी ऐकलीत का? शेवटी काही सुचलं नाही म्हणून काहीतरी घुसडलं."

ताईने पुस्तक मिटलं. तिचा चेहरा उतरलेला होता; मला वाटलं, भडकाच्या बोलण्याने. सगळ्या डबे उचलून निघाल्या. मी हातपाय धुऊन फाटकाशी थांबले. ताईला यायला बराच वेळ लागला. आली ती पाचही भाग पिशवीत घालून. मास्तरांनी त्या दिवशी पुस्तकं घरी न्यायला आडकाठी केली नाही, संपलंच होतं ना सगळं.

आणि आता आम्ही शाळेच्या मैदानापाशी आलो होतो. मैदानाच्या कडेला बुटकी भिंत आहे, तिच्यावर ताई बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"गाणी आहेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"प्रत्येक प्रकरणाच्या वर. चार-चार ओळी. तिरप्या अक्षरात." तिने पहिला भाग उघडून माझ्यापुढे धरला. "पहिल्या दिवशी मी एक वाचलं होतं. आठवतंय? काकू म्हणाल्या, गाणं राहू दे, शर्ट संपत आले, धाकटी निघाली का ते सांग. मी गाणं सोडलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही सोडलं. मग माझे डोळेच त्यांच्यावरून घसरायला लागले. रस्त्यावरच्या जाहिरातींवरून घसरतात तसे. ती असतात हेच मी विसरले. आज ते वाक्य वाचलं, आणि तुम्ही सगळ्या गेल्यावर मी पहिल्या भागापासून पानं उलटली."

मीही भिंतीवर टेकले. आधी मला काही समजेना. मग समजलं आणि राग आला. खोटं कशाला सांगू, आलाच. लहानपणी पोथी वाचायला बसले की आई सांगायची, एक ओळ गळली तर पुन्हा पहिल्यापासून. आता ही काही पोथी नव्हती, पण आम्ही सगळं ऐकतोय असं समजून ऐकलं होतं ना?

"वाच," मी म्हटलं, जरा तुटकपणेच.

ताईने दुसरा भाग काढला. बर्फातलं प्रकरण. तिचा तो वेगवेगळ्या माणसांचा आवाज नव्हता, साधा होता.

"तुझी घोंगडी आज
मी उन्हात घातली,
जिथे निजशील तिथे
ऊब जागी राहिली."

मग तिसरा भाग. गुहा.

"चुलीतला निखारा
राखेखाली जागा आहे,
तू चालतेस त्या काळोखात
माझा थोडा वाटा आहे."

मला ती कॉट दिसली, सिस्टरचा ट्रे दिसला. कंदील विझला नाही ना, असं रोज विचारत होतो आम्ही, आणि उत्तर त्याच पानावर वरच्या बाजूला होतं.

"म्हणजे तेल थोरली घालत होती," मी म्हटलं.

"घरात बसून," ताई म्हणाली. "तिने चूल विझू दिली नाही म्हणून कंदील विझला नाही. अशी सगळी आहेत. जादूगार राज्यभर शोधतो ना, कुणाच्या बळावर ही पोर जिवंत आहे म्हणून? मेंढरांच्या मागे बसलेल्या बाईकडे त्याचं लक्षच जात नाही. त्याचं नाही, आणि माझंही नाही." ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "आणि गाळलं कुणी? मी! सगळं जग गाळेल एक वेळ, मी गाळायचं?"

मग तिने फोनचं सांगितलं. बहीण दर रविवारी फोन करते. प्रत्येक भाग पाठवला की विचारायची, "गाणी कशी वाटली गं?" ताईला वाटायचं, पोरीला कवितांचा नाद पहिल्यापासून, विचारते आपली. ती सांगून टाकायची, "छान आहेत." बहीण पुढे काही बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली होती, "मला वाचताना तूच दिसतेस." ताई तेव्हा दूध उतू गेलं म्हणून फोन ठेवून धावली होती.

मैदानात पोरं चेंडू खेळत होती. एक चेंडू आमच्यापाशी आला, ताईने तो पायाने परत ढकलला.

"काकूंवर ढकल की," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं होतं, गाणं राहू दे."

"काकूंनी एक दिवस सांगितलं. मी इतकी वर्षं ऐकलं."

"मग गप्प बस. कुणाला कळणार आहे? पुस्तक वाईट होतं म्हणतील आणि विसरतील."

"तेच तर!" ताई माझ्यावर जवळजवळ ओरडली. "वाईट नाहीये गं ते! माझ्यामुळे वाईट ठरलं. आणि सांगितलं तर काय होईल, तेही मला दिसतंय. म्हणतील, रेडिओने अर्धी गोष्ट दिली आणि शर्ट पुरे करून घेतले. आणि खरंच आहे. परत कोण देईल मला वाचायला? तू देशील?"

मी उठले, ती उठली, आम्ही चालायला लागलो. माझा राग तोवर निम्मा गेला होता. उरलेला कशाचा होता ते मी चालता चालता शोधत होते, आणि तो ताईवर नव्हताच. तो शेवटावर होता. गाणी ऐकली आणि थोरली सिंहासनावर का बसली ते मला पटलं. भडकालाही पटलं असतं, तिनेच तर तेलाचं विचारलं होतं. पण धाकटीचं मला अजूनही पटलेलं नाही. पाच भाग आम्ही तिच्या पायातले काटे काढले, आणि शेवटी तिला विहिरीत उतरवून लेखक मोकळा. तिला वर आणायला एवढं काय अडलं होतं? दगडाचा पक्षी उडवता येतो, आणि एक पोर दोराने वर घेता येत नाही?

हे मी ताईला बोलून दाखवलं. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "पण ताई, नदी आली म्हणजे तीच आली म्हणायचं. पाण्याच्या रूपाने. देवाचंही असंच असतं, या नाही तर त्या रूपाने येतोच."

"देवाचं असेल," ताई म्हणाली. "नदीला हाक मारून जेवायला बोलावता येतं का?"

इस्पितळाची मागची भिंत लागली, तिथे कपडे वाळत घातलेले असतात, पांढऱ्या चादरी. आम्ही त्यांच्या बाजूने चालत राहिलो.

"तुम्हाला सगळ्यांना राग आला की थोरलीला राज्य मिळालं," थोड्या वेळाने ताई म्हणाली. "मला राग आला की तिला राज्यच मिळालं. तिने काय मागितलं होतं? शेवटचं गाणं ऐक." ते तिला पाठ झालं होतं, पुस्तक उघडावं लागलं नाही.

"लोक मला विचारतात,
काय केलंस बसून घरी?
दार उघडं ठेवलं म्हणते,
एवढीच माझी चाकरी."

"दार उघडं ठेवलं होतं बिचारीने," ताई म्हणाली, "आणि हे तिच्या दारात खुर्ची घेऊन आले." आणि मग तिला एकदम खरं हसू आलं, तिचं नेहमीचं, नाकातून फुर्र होणारं. "भडकाला सांगितलं तर म्हणेल, खुर्ची तर खुर्ची, बसून बटणं लावता येतील."

मलाही हसू आलं. मग दोघी हसत सुटलो, येणारी-जाणारी माणसं बघायला लागली. डोळे पुसले तेव्हा मला जाणवलं, हे पुस्तक आवडलं की नाही, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही; पण ते मिळालं नसतं तर माझी ती सगळी वर्षं कशी गेली असती याचा मला विचारही करवत नाही. तो शेवट काही माझ्या मनासारखा नाही. माझ्या मनासारखे शेवट मी इस्पितळात, त्या वॉर्डात तरी कितीसे पाहिले? हे घरी आले, शेजारच्या कॉटवरचे नाही आले. तरी रोज सकाळी हात जोडले जातातच. तसंच काहीसं या पुस्तकाचं. आणि ज्या बाईच्या तोंडून ते आलं, तिने चार ओळी गाळल्या असतील, पण एक दिवसही गाळला नाही. ताप असताना वाचलं, आईच्या कार्यानंतर आली त्या दिवशी वाचलं, दात काढला होता तेव्हा गालात बोळा धरून वाचलं आणि म्हाताऱ्याचा आवाज त्या दिवशी जास्तच छान आला.

मी हे सगळं तिला म्हटलं नाही. आपल्याकडून असं तोंडावर बोलवत नाही. मी एवढंच म्हटलं, "पिशवी दे इकडे, जड आहे."

तिने दिली. आमच्या वस्तीचा कोपरा आला, तिथून तिची वाट वेगळी होते. ती थांबली.

"मी उद्या सांगणार," ती म्हणाली. "सकाळीच, सगळ्या डबे ठेवायला आल्या की. चहाची वाट बघत बसले तर धीर सुटेल माझा. रविवारी बहिणीलाही सांगेन. ती हसेल किंवा रडेल, मला झेपेल. पण या बायकांना झेपेल का ते माहीत नाही."

"चार शिव्या घालतील," मी म्हटलं. "पहिली भडका."

"घालू दे. नंतर तेलाचं गाणं ऐकल्याशिवाय तिला राहवणार नाही, मी ओळखते तिला." मग तिने माझा दंड धरला. "पण वाचायचं मी नाही. मी वाचलं तर प्रत्येक गाण्याला माझ्या आवाजात माफी येईल, आणि मग त्या गाणं ऐकणार नाहीत, मला ऐकतील. तू वाच."

"मी? ताई, मला कुठे ते आवाज येतात? माझे नुसते ओठ हलतात, खात्याला ठाऊक आहे."

"आवाज नकोत. नुसतं वाच, पहिल्या पानापासून, जे छापलंय ते सगळं. त्या नाही म्हणाल्या तर डब्याच्या सुट्टीत मला एकटीला वाच. तुझे शर्ट मी करते, माझेही करते." तिने पिशवी माझ्याच हातात राहू दिली. "आणि जपमाळ, हळू वाच गं. मला ही गोष्ट अजून कुणी वाचून दाखवलेली नाही."